कोठीतला पहिला अंक

हरकाऱ्याचा पहिला अंक हरवला नव्हता. मी तो ज्वारीच्या कोठीत लपवला होता. सदतीस वर्षं झाली, हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तिच्या शेवटापर्यंत नाही, आणि ज्याच्यापासून लपवला त्याच्याजवळ तर नाहीच. बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हा जुना आजार आहे. लिहायला बसलो म्हणून निघालं.

बसलो तेही दुसऱ्याच कारणाने. एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मानवत-पाथरी रस्त्यावरच्या एका खेड्यात शाळेचा एक कारकून आहे आणि हरकाऱ्याच्या सगळ्या चित्रकथा त्याला तोंडपाठ आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "नव्या वाचकाने ही मालिका कुठून सुरू करावी, एवढंच लिहून द्या. दीड पान पुरे. दोनशेच्या वर अंक झालेत हो, माणूस बघूनच घाबरतो." मी बरं म्हणालो. हा प्रश्न मला नवा नाही. गावातली पोरं विचारतात, परभणीला शिकायला गेलेली पोरं मोबाईलवर विचारतात, आणि मी आजवर एकच उत्तर देत आलो: पहिल्यापासून. क्रम मोडू नका.

दीड पान लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला हात थांबला. म्हटलं, आता खरंच लिहावं.

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हरकारा म्हणजे जुन्या काळी पायी डाक नेणारा माणूस. पाठीवर थैली, हातात घुंगरं बांधलेला भाला. आमचा हरकारा एका डोंगराळ संस्थानात डाक पोचवतो आणि प्रत्येक अंकात एका पत्रापायी संकटात सापडतो. दरोडेखोर, पूर, खोटं मृत्युपत्र, काही ना काही असतंच. पुढे पुढे तो पुरता अडकला की एक माणूस येतो. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडी, तोंड दिसत नाही. हरकाऱ्याला सोडवतो आणि निघून जातो. हा घोंगडीवाला कोण, हे कितीतरी अंक कुणाला कळत नाही. आमच्या वेळी सगळी पोरं त्या एका प्रश्नाने वेडी झाली होती.

पोरं म्हणजे मुख्यतः मी आणि तो.

माझे मामा पूर्णेला रेल्वेत होते. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर दर महिन्याला हरकारा यायचा, आणि मामा आमच्याकडे आले की थैलीतून आधी तो निघायचा, मग केळी. त्यामुळे आख्ख्या गावात हरकारा फक्त माझ्याकडे होता. आमची थोडीफार जमीन होती, विहिरीला पाणी होतं, आम्ही बारा महिने गावातच असायचो. त्याच्या घरचे दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचे. तोही त्यांच्यासोबत. वर्गात माझ्या शेजारी बसायचा तो वर्षातले पाच-सहा महिने, उरलेले महिने ती जागा रिकामी. गुरुजी हजेरी घेताना त्याच्या नावाशी आले की नुसतं "तोडीला" म्हणायचे आणि पुढे जायचे.

वाचायला तो कच्चा होता. अर्धं वर्ष बुडाल्यावर कोण पक्का राहील? पण हरकाऱ्याचं त्याला भारी वेड. मी त्याला रविवारी एक अंक द्यायचो, त्याने तो पुढच्या रविवारी आणून द्यायचा. पुढे त्याचा वेग वाढला तसे आठवड्याला दोन द्यायला लागलो. आणि एक नियम केला होता. नियम माझाच.

आमच्या गावात सप्ताह बसतो. पोथीचं पारायण होतं. पारायणाला बसणारा माणूस मध्येच उठून गावाला गेला, खंड पडला, तर त्याने पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायची, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्याचा आजा पारायणाला बसायचा. तेव्हा मी हरकाऱ्यालाही तोच नियम लावला. क्रमाने वाचायचं. खंड पडला की पहिल्यापासून.

आता विचार करा, खंड कुणाचा पडणार? माझा तर पडायचा प्रश्नच नव्हता. अंक माझ्या घरात, मी गावात. दर पाडव्याला तो यायचा, अंगाला उसाचा वास, हाताला पाचटाचे ओरखडे, आणि पहिलं काय विचारायचा तर, "पयला दे." आणि पुन्हा एक, दोन, तीन. पहिल्या वर्षी दसऱ्यापर्यंत वीस-बावीसला पोचला. दुसऱ्या वर्षी तीस. नियम अन्यायाचा आहे असं त्याने कधी म्हटलं नाही. पारायण म्हणजे पारायण. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? उलट बरं वाटायचं. तो कायम माझ्या मागे असायचा.

तिसऱ्या वर्षी, आम्ही सातवीत जायच्या सुमाराला, त्याने चंगच बांधला. दसऱ्याच्या आत तोवर निघालेले सगळे चाळीस अंक संपवले. शेवटचा अंक परत द्यायला आला तो आमच्या गोठ्याच्या दारातच उभा राहून म्हणाला, "मला कळलं, घोंगडीवाला कोण हाय ते."

मी म्हटलं, "कोण?"

"त्याचा भाऊ. मोठा भाऊ."

तिसऱ्या अंकात हरकाऱ्याचा थोरला भाऊ डाकेची थैली घेऊन नदी ओलांडताना वाहून जातो. मेला असंच सगळे धरून चालतात. मीही धरून चाललो होतो.

"तो तर मेला," मी म्हणालो.

"बग की. तिसऱ्या अंकात भाऊ दोर धरतो तो डाव्या हातानं. घोंगडीवालाबी दगड मारतो डाव्या हातानं, काठी धरतो डाव्या हातानं. चालताना हरकाऱ्याच्या उजव्या अंगाला कवाच येत न्हाई. डावखोरा हाय तो. आमच्या फडात डावखोऱ्याला कडेची सरी देत्यात, न्हाईतर त्याचा कोयता शेजाऱ्याला लागतो. मला लगेच दिसतं."

मी सगळे अंक पाच-पाच वेळा वाचले होते. प्रत्येक शब्द मला पाठ होता. पण हात कुणी बघितले होते? त्याला जोडाक्षर आलं की घाम फुटायचा, आणि त्याने चित्रं वाचून जे काढलं ते मला काढता आलं नव्हतं. कानशिलं तापली माझी. मी म्हणालो, "चूक आहे. काहीतरीच. आधी नीट वाचायला शीक, मग सांग."

त्याचं तोंड उतरलं. तरी जाताना म्हणाला, "बगू की मंग. एक्केचाळीसमधी काय निघतंय ते."

ते लोक ट्रॅक्टरमध्ये बसून गेले. पुढचा अंक छापायला उशीर झाला होता; संक्रांतीच्या सुमाराला मामा एक्केचाळिसावा अंक घेऊन आले. मी तो उभ्याउभ्याच उघडला. शेवटून तिसऱ्या पानावर घोंगडी खाली पडते. भाऊच होता.

त्या दिवशी मी जेवलो नाही, पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात एकच: तो येणार आणि त्याला कळणार. शाळेत सांगणार. गुरुजींना सांगणार. तोडीला जाणारं पोर हुशार आणि मी नुसता वाचणारा. पाडव्याच्या आधी दोन दिवस मी पहिला अंक घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि आमच्या ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला. वडील ज्वारीत कडुनिंबाचा पाला टाकायचे, कीड लागू नये म्हणून. अंक त्या पाल्यात बसला.

तो आला. "पयला दे."

"पहिला हरवला."

"हरवला? कुठं?"

"सापडत नाही."

"मंग एक्केचाळीसच दे की एकदम."

"खंड पडलाय ना तुझा? पहिला सापडेपर्यंत थांब."

थांबला की हो तो. मला आजही त्याचंच जास्त लागतं. त्याने भांडायला पाहिजे होतं, माझ्या हातातून हिसकावायला पाहिजे होतं. पण नियम म्हणजे नियम. चार रविवार आला, गोठ्याच्या दारातून विचारायचा, "सापडला का रे?" पाचव्या रविवारी आला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याची जागा रिकामीच राहिली. दसऱ्याला तो स्वतःचा कोयता घेऊन गेला. मुकादमाने त्याला अर्धा कोयता धरला, म्हणजे एकटा माणूस. लग्न झाल्यावर नवरा-बायको मिळून पूर्ण कोयता झाला.

त्याची शाळा माझ्यामुळे सुटली का? तसं सरळ म्हणता येणार नाही. घरची ओढाताण होतीच, त्याच्या वयाची किती तरी पोरं तशीच गेली. पण त्याला गावात धरून ठेवणारी एक बारीक दोरी होती आणि ती माझ्या हातात होती, एवढं मला माहीत आहे.

मी शिकलो. मानवतला शाळेत कारकून म्हणून लागलो. गावात ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत वाचनालय निघालं, त्याचं काम सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी मी बघतो. माझे सगळे हरकारे मी वाचनालयाला दिले. नवीन अंकही घेत राहिलो. आता रंगीत निघतात, पण वर्षाला चार-पाचच. पहिला मात्र दिला नाही. कोठी मोडली तेव्हा तो काढून माझ्या लोखंडी पेटीत सर्टिफिकिटांच्या खाली ठेवला होता. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये माझ्याच हाताने लिहिलेलं आहे: अंक एक, गहाळ.

आणि लोकांना सांगत राहिलो, पहिल्यापासून वाचा. गंमत बघा, जो अंक मी कुणाला देत नव्हतो तिथूनच सुरू करा म्हणत होतो.

मागच्या दसऱ्याला त्याच्या घरचे तोडीला निघाले तेव्हा तो मागे राहिला. कंबर गेली होती. डॉक्टरांनी मोळी उचलायची नाही म्हणून सांगितलं. त्याची बायको वारून दोन वर्षं झाली होती. मुलगा आणि सून गेले आणि त्यांची दुसरीतली पोरगी, त्याची नात, त्याच्यापाशी राहिली. त्या घरातलं मध्येच शाळा न सोडणारं हे पहिलं लेकरू. पण मुलगा जाताना बजावून गेला होता. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. "आबा, तुमाला वाचता येईना, हिचं शाळंतलं कोण बगणार? या वर्साला ठिवतो. पाडव्याला आल्यावर पोरगी मागं पडलेली दिसली, तर पुढल्या साली संगट नेणार. तिथं निदान नजरंसमोर तरी राहील."

दसरा झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ती त्याचं बोट धरून वाचनालयात आली. म्हणजे बोट तिने धरलं होतं आणि ओढत तीच आणत होती. तो दारातच थबकला, चपला काढाव्या की नाही या विचारात.

"काय कारकून सायेब, येऊ का आत? का फी लागती?"

"ये रे. बस."

पोरगी सरळ कपाटापाशी गेली आणि अठ्ठावन्नावा अंक ओढून काढला. मुखपृष्ठावर कुत्रा आहे. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "बाळा, तो मधला आहे. पहिल्यापासून वाचावं."

तो कपाटाकडे बघत म्हणाला, "पयला हाय का मंग?"

मी रजिस्टर उघडलं. मग म्हणालो, "नाही. गहाळ आहे."

"अजून सापडला न्हाई?" तो खदाखदा हसला, कंबर धरून हसला. "सदतीस साल झाले की रे! तुझ्या घरात उंदीर हाय का लांडगा?"

मीही हसलो. काय करणार?

पोरगी म्हणाली, "मला हेच पायजे. कुत्रा हाय याच्यात."

"पण तुला कळणार नाही त्यात कोण कोण आहे ते."

"आबाला माहीत हाय सगळं," ती म्हणाली. बसली सुद्धा.

आणि आबाला खरंच माहीत होतं. निदान चाळीसपर्यंतचं. ती अक्षरं लावायची, अडली की तो चित्रावर बोट ठेवून सांगायचा, हा हरकारा, ही थैली, ही नदी, हितंच त्याचा भाऊ वाहून गेला. कुत्र्याचं त्यालाही माहीत नव्हतं, मग दोघं मिळून शोधायचे. ती अठ्ठावन्नवरून बारावर गेली, बारावरून पस्तीसवर, तिथून शंभराच्या पुढे. एक्केचाळीसनंतर घोंगडीवाला गोष्टीत येतच नाही, म्हणून तो कोण ते त्यांना कळलं नाही. मला बघवत नव्हतं. क्रमाचा नुसता चुराडा. पण महिनाभरात ती मधल्या मधल्या फुग्यांतले शब्द धाडधाड वाचायला लागली आणि वर्गात बाईंनी तिला पुढे बसवलं.

मग एका रविवारी तो एकटा आला. बाकावर बसला, टोपी मांडीवर ठेवली.

"कारकून, एक सांग. आता या वयात कुठून सुरू करू?"

"काय?"

"वाचायला. शाळा सुटली तसं सगळं इसरलो. सही येती, यष्टीची पाटी लागती वाचायला. पन पोरगीनं पुस्तक तोंडाम्होरं धरलं की मी चित्र बगून ठोकून देयलोय. आता तिला समजायलंय. परवा म्हनली, आबा, तुमी लिवलंय ते सांगत न्हाईत, मनानंच सांगायलात. लाज वाटली रे. पाडव्याला पोरगा यायच्या आत मला तिच्यासंगट एक आख्खा अंक वाचून दाखवायचाय. म्हंजी त्याला कळंल, हितं घरी हिला बगणारं मानूस हाय."

मी त्याला कुत्र्याचा अंक काढून दिला. त्याने तो परत ठेवला. "तसं न्हाई. मी क्रमानं जानार. पयला न्हाई तर दुसऱ्यापासून. देव समजून घेईल."

त्या दिवसापासून तो रोज यायचा. पोरगी शाळेत असली की तो इथे. मी मानवतला जाताना किल्ली त्याच्याकडेच ठेवायला लागलो. अंगठ्याएवढं जाड काळं नख फुग्यावर ठेवून तो एकेक अक्षर पुढे ढकलायचा. जोडाक्षर आलं की शिवी हासडायचा. संध्याकाळी मी आलो की अडलेले शब्द काडीने जमिनीवर काढून विचारायचा. डिसेंबरपर्यंत दहा अंक झाले. संक्रांतीला बावीस. तीळगूळ घ्यायला आला आणि म्हणाला, "आता त्ये अक्षर मला भीत असतंय."

इथे मला दुसरी गोष्ट कबूल करायची आहे. तो पस्तीसच्या पुढे गेला तसा मी उरलेले अंक मोजायला लागलो. एका संध्याकाळी तो गेल्यावर मी कपाटातून एक्केचाळिसावा काढला आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. पन्नाशीचा माणूस, नातवंडं व्हायच्या वयाचा, आणि हात तोच, खोडही तीच. आठ दिवस तो अंक खणात होता. मी मनाशी म्हणत होतो, वाचून दाखवायला दुसरा कुठलाही अंक चालेल की. अठ्ठावन्न चालेल, पोरगीला आवडतो.

पाडव्याला पंधरा दिवस होते तेव्हा त्याने चाळिसावा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"झाला. आता पुढला."

मी कागद चाळत राहिलो.

"आन एक सांगू का, कारकून? या वक्ताला खंड पडला न्हाई. सुरू केल्यापासून एकबी दिवस न्हाई. जन्मात पयल्यांदा."

मी खणाची किल्ली खिशातून काढली. कुलूप उघडलं.  अंक त्याच्या हातात दिला. त्याने तो उघडला नाही. टोपीत ठेवला.

"वाचून तर बघ," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर वाचायचाय."

"शिळं वाचून काय दाखवायचं? पोरगा आला की कोराच उघडणार. तिचं तिनं म्हनायचं, माझं मी. हरकाऱ्याचं ती बोलंल, घोंगडीवाल्याचं मी."

पाडव्याच्या दोन दिवस आधी ट्रॅक्टर आला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, उन्हं जरा कलल्यावर, वाचनालयासमोरच्या कडुनिंबाखाली पंचवीस-तीस माणसं जमली. निम्मी तोडीवरून आलेली, अजून प्रवासाचा थकवाही न उतरलेली. त्याचा मुलगा उकिडवा बसला होता, हाताची घडी घालून. सून पोरीची वेणी नीट करत होती. पोरगी ताठ उभी. तो बाकावर, चष्मा नवा, मानवतच्या बाजारातून घेतलेला.

पोरीने पहिलं पान वाचलं, न अडखळता. बाया कौतुकाने चक-चक करायला लागल्या. मग त्याची पाळी.

"तू... थांब... इथे... पू... पूल..." तो थांबला. "पूल खचलाय!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, जरा गिअर टाका की!"

"घाटातनं चाललीय गाडी, दम धर! तू वाच की मंग येऊन!" तो ओरडला आणि हशा झाला. ओरडणारा आला नाही.

पान दहा. पान पंधरा. त्याचा आवाज मोकळा व्हायला लागला. वाक्य एका दमात निघालं की तो स्वतःच मान हलवायचा. मुलाने हाताची घडी सोडली होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. मला माहीत होतं कितव्या पानावर काय आहे.

शेवटून तिसरं पान त्याने उलटलं आणि तो पुढे वाकला.

पोरगी म्हणाली, "आबा, तुमचं हाय."

तो चित्राकडे बघत होता. चित्रात घोंगडी खाली पडतेय आणि डाव्या हाताने हरकाऱ्याचा खांदा धरलेला आहे. त्याने अक्षरं वाचायच्या आधीच चित्र वाचलं होतं. पुन्हा. मग त्याने नख फुग्यावर ठेवलं आणि अगदी हळू, एकही अक्षर न चुकता वाचलं: "इतकी वर्षं तुझ्या घुंगरांच्या मागे चाललो. ओळखलं नाहीस? मी तुझा दादा."

आणि तो उठला. कंबर बिंबर सगळं विसरला. "डावखोरा!" असा ओरडला की लिंबावरची पाखरं उडाली. "सांगितलं व्हतं का न्हाई! तेरा वर्साचा व्हतो मी! या कारकुनाच्या गोठ्याच्या दारात सांगितलं व्हतं, भाऊ हाय म्हनून! विचारा त्याला! विचारा!"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "खरं आहे. सांगितलं होतं."

मग काय विचारता. कुणी शिट्टी मारली, कुणी टोपी उडवली, ज्याला हरकारा कोण ते माहीत नव्हतं तोही टाळ्या वाजवत होता. पोरगी त्याच्या कमरेला मिठी मारून उड्या मारायला लागली. तो अंक हातात धरून लिंबाभोवती लंगडत फिरला, एकेकाला ते पान दाखवत, "बग, हात बग, डावा हाय का न्हाई?" आणि एकेक जण गंभीरपणे बघून म्हणत होता, "डावा हाय."

मुलगा शेवटी पुढे आला. बापाच्या हातातला अंक घेतला, उघडला, त्याला स्वतःला फारसं वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पोरगी हितंच राहू द्या, आबा. शिकंल तवर हितंच." आणि बापाच्या पाया पडला. सुनेने पदर डोळ्याला लावला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सत्कार, निकाल, मिरवणुका बघितल्या, शाळेतच नोकरी आहे. असा आनंद नाही बघितला.

गर्दी पांगल्यावर तो माझ्याजवळ आला, घामाने भिजलेला, लहान पोरासारखा.

"लेका, तू तर म्हनला व्हतास चूक हाय म्हनून."

"तेव्हा एक्केचाळिसावा आला नव्हता," मी म्हणालो.

हे खरं होतं. अर्धं खरं. तो आल्यावर मला कळलं, आणि मग मी काय केलं, ते मी बोललो नाही. त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "मंग तुला तरी कसं कळनार? तुला हात बगता येत न्हाईत!" आणि नातीला घेऊन घरी गेला.

आता संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

नव्या वाचकाने पहिल्या अंकापासून सुरू करू नये. तो माझ्याकडे आहे, मी परवा पुन्हा काढून वाचला, अजून कडुनिंबाचा वास येतो. सगळ्यात कच्चा अंक तोच आहे. चित्रकाराचा हात बसलेला नाही, हरकाऱ्याचं नाक पानोपान बदलतं, आणि घोंगडीवाला त्यात नाहीच. ज्याच्यासाठी मी एका माणसाला दारात उभं ठेवलं त्या अंकात काहीही नाही. लहान मुलांनी अठ्ठावन्नपासून सुरू करावं, त्यात कुत्रा आहे. घाई असेल त्यांनी बारापासून, तिथे घोंगडीवाला पहिल्यांदा दिसतो. शंभराच्या पुढे चित्रकार बदलला, रंग छान आहेत पण गोष्टी जरा पातळ झाल्यात, तरी हरकत नाही. जो हाताला लागेल तो उघडा. कळलं नाही तर शेजारच्याला विचारा. खंड पडला तर पडू द्या, जिथे सोडलं तिथून पुढे चला. आणि हात बघत जा.

हा दिवाळी अंक निघेल तेव्हा आमच्या वाचनालयात येईल. तो रोज तिथे बसतो आणि हल्ली छापलेलं जे दिसेल ते वाचतो, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. म्हणजे हेही वाचणार. त्याने ते छापील कागदावर वाचायच्या आधी मला त्याच्या घरी जायचं आहे. अजून गेलेलो नाही.

मी त्याचं एवढं देणं लागतो: पहिला अंक, त्याच्या हातात, आणि "तुझं बरोबर होतं हे मला त्याच वर्षी कळलं होतं, आणि अंक मीच लपवला होता" हे वाक्य, त्याच्यासमोर उभं राहून, तोंडाने.